चुलीपाशी मागितलेला मुक्काम

पुरुषांना मुक्काम मागता येत नाही. ते ओसरीवर बसतात, घरधन्याशी कापसाचं, केळीचं, पाण्याचं बोलतात, चहा पितात आणि उठता उठता म्हणतात, आमची चार माणसं येतील, रात्रभर पडू द्या. घरधनी म्हणतो, या की, बघू. की हे झाले खूश. पण त्या 'बघू'ला काडीचाही अर्थ नसतो. अंगण कोणी झाडायचं, पाणी कोणी भरायचं, सकाळी चूल आधी कोणासाठी पेटवायची, हे सगळं आत ठरतं. आत जाऊन, चुलीपाशी बसून विचारलं नाही तोवर मुक्काम ठरला असं धरू नये. एवढी साधी गोष्ट आमच्या ह्यांना आणि ह्यांच्या मित्रांना सबंध पावसाळा सरला तरी कळली नव्हती. कळली तेव्हा त्यांनी मला सोबत घेतलं, आणि काम झाल्यावर बाजूला केलं. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण मी शाळेत पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतली. अर्थ मला निवृत्त झाल्यावर समजला.

हे म्हणजे माझे मिस्टर. साखर कारखान्याच्या ऑफिसात त्यांची नोकरी झाली, पुरुषोत्तमनगरलाच आमचं घर. नोकरी संपल्यावर ह्यांच्यासारखेच चार-पाच जण सकाळी लोणखेड्याच्या रस्त्याला फिरायला जायला लागले. फिरणं कमी आणि बाकावरच्या गप्पा जास्त. त्या गप्पांतून निघालं की तापीपासून नर्मदेपर्यंत पायी जायचं. प्रकाशाला घाटावर पाय बुडवून निघायचं, शहाद्यावरून डोंगराच्या पायथ्याशी, तिथून घाट चढून तोरणमाळ आणि तोरणमाळच्या मागच्या अंगाने पाड्यापाड्यांतून उतरत थेट नर्मदेचा काठ. वाटेत कुठे तंबू ठोकायचा, कुठे कोणाच्या अंगणात पडायचं. कोणीतरी मोबाइलवर हिमालयात असं चालणारी माणसं पाहिली होती, तेव्हापासून ते सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं.

मला कोणी विचारलं नव्हतं. पण ऐकलं आणि मलाच जावंसं वाटायला लागलं. आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. लग्न होऊन आले तेव्हापासून पापड-कुरडया वाळत घालताना, मिरच्या पसरताना मी तो बघते आहे. त्याच्या पलीकडे नर्मदा आहे हे पोरांना भूगोलात शिकवलं. तोरणमाळला शाळेच्या सहली नेल्या, तलाव दाखवला, पोरं मोजली आणि दिवस मावळायच्या आत परत आणली. पण डोंगरात एक रात्र राहावं, सकाळी उठून पलीकडच्या बाजूने आपल्या पायांनी उतरावं, हे काही जमलं नाही. आधी पोरं लहान, मग सासूबाईंचं आजारपण, मग शाळा. मी ह्यांना म्हटलं, मीपण येईन. हे म्हणाले, "ये ना. तुले कोन नही म्हनस?" आमच्या घरात मोठे निर्णय असेच बसल्या बसल्या होतात, त्यामुळे मी ते पक्कं धरलं.

त्याआधी ही मंडळी दोनदा मुक्काम बघायला जाऊन हात हलवत आली होती. का, ते त्यांना कळत नव्हतं, मला मात्र ऐकता ऐकता कळलं. आमच्याकडे थंडी पडली की पुरुषांच्या भरीत पार्ट्या सुरू होतात. कोणाच्या तरी मळ्यात जमायचं, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी मागवायच्या आणि भरताच्या नावाखाली बाटल्या उघडायच्या. दुसऱ्या दिवशी मळेवाल्याच्या बायकोने काचा वेचायच्या. खालपासून वरपर्यंतच्या बायकांना हे पाठ आहे. शहाद्याकडचे पाच पुरुष तंबू घेऊन येणार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तीच पार्टी येते, फक्त चालती. म्हणून सगळीकडे 'बघू'.

दिवाळी झाल्यावर दर रविवारी मी ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जायला लागले. हे ओसरीवर, मी आत. पायथ्याच्या एका केळीच्या मळ्यात पहिला मुक्काम ठरला. घरची बाई शेंगदाणे भाजत होती. मी तिच्याजवळ बसले, कोमट शेंगदाण्यांची सालं काढू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाई, पिनारा शेत का?" मी म्हटलं, "मी शे ना संगे." तेवढ्यावर तिने न्हाणीघर दाखवलं, कडी आतून लागते का तेही लावून दाखवलं. तंबू कुठे ठोकायचा म्हणून ह्यांनी बाहेरच्या बाहेर कापलेल्या तुरीचं रान पसंत केलं होतं. मी म्हटलं, अहो, तुरीची धसकटं खालून तंबू फाडतील, शेतकऱ्याच्या घरचे ना तुम्ही. मग खळ्याची सारवलेली जागा ठरली. तोरणमाळला राहायची सोय मिळतेच, तिथे माझी गरज नव्हती.

गरज होती ती तोरणमाळच्या पलीकडे. तिथे घरं एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर. आम्हाला हवं होतं ते घर वाटेवरचं, पुढे उतार सुरू व्हायच्या आधीचं. समोर आंब्याची मोठी झाडं, जवळ झिरा, म्हणजे ओढ्याच्या वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा. ते सोडलं तर पाणी थेट खाली. म्हणजे हे घर 'हो' म्हणालं तर आमचं चालणं होणार, नाहीतर नाही. घरात एक बाई, तिची म्हातारी सासू आणि कडेवर लेकरू घेतलेली सून. नवरा आणि मुलगा कामाला गुजरातेत गेलेले. घरात पावरी बोलतात, पण ही बाई तरुणपणी कापूस वेचायला आमच्याकडे खाली यायची, त्यामुळे तिला अहिराणी येत होती. तिने सरळ नाही म्हटलं. "घरमा माणूस नही. बाहेरना इतला माणसे मी कसा ठेवू?"

मी तिथून उठले नाही. तिने गेल्या उन्हाळ्यातला आमचूर डब्यातून काढून सुपात घेतला होता, काळा पडलेला बाजूला काढत होती. मीही काढायला लागले. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "मी येसू त्यासना संगे. त्या झोपतीन तंबूमा, वावरना कडेले. मी तुन्हा पडवीमा झोपसू, दारले आडवी. मन्हा शब्द शे, कोनी पिनार नही." ती सूप बाजूला ठेवून उठली. मग आत गेली आणि एक खाट ओढत घेऊन आली. दोरी नवी विणलेली होती. पडवीत दाराशेजारी तिने ती टाकली, हाताने दाबून बघितली. म्हणाली, "ही तुन्ही. तू येशी ते त्या येतीन. तू नही, ते त्या बी नही."

हे अंगणात दोन हात अंतरावर उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि "हाव, हाव" म्हणाले. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे ते म्हणाले की असं काही बोलणं झाल्याचं त्यांना आठवत नाही.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले, ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मी बूट घेतले. पाठीवरच्या पिशवीत तूरडाळ भरून रोज लोणखेड्यापर्यंत चालत जायचे नि यायचे. कॉलनीतल्या बायका फाटकात उभ्या राहून म्हणायच्या, "काय वो बाई, वनवासले निंघनी का?" मी म्हणायचे, हो, कैकेयी शोधते आहे, तुमच्यापैकी कोणी होता का? तंबू उभारायची सवय व्हावी म्हणून आम्ही तो गच्चीवर ठोकला. खिळे कुठे मारणार, तर चारी कोपऱ्यांना पाण्याचे भरलेले डबे बांधले. दोन-तीन रात्री आम्ही दोघं त्यात झोपलोसुद्धा. हे म्हणाले, "नर्मदाना काठले असाच झोपसूत." त्या वयात नवऱ्याने असं काही बोललेलं बायको विसरत नाही. त्यांनीही विसरायला नको होतं.

निघायचं जवळ आलं तेव्हा एक दिवस हे बाहेरून आले, झोपाळ्यावर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या बाजूले बिबट्या निंघना म्हने. वाट बंद करी दिधी. संक्रांतना बाद देखूत." मला वाईट वाटलं, पण बिबट्या आमच्याकडे उसातसुद्धा निघतो, त्यात न मानण्यासारखं काय. मी म्हटलं, मग त्या बायकांना कळवते. हे घाईघाईने म्हणाले, "मी करस सगळासले फोन, तू नको तरास लेऊ." दुसऱ्या दिवशी म्हणाले, धानोऱ्याला बहिणीकडे जाऊन येतो, तिच्या विहिरीवरची मोटार बिघडली आहे. मी दशम्या केल्या, दुधात पीठ भिजवून, ह्यांना आवडतात तशा पातळ. सोबत शेंगदाण्याची चटणी. हे म्हणाले, "जरा जास्तीन्या कर." बहिणीच्या घरी जाणाऱ्याला एवढ्या दशम्या कशाला लागतात, हे मला सुचलं नाही. शाळेत पोरांची खोटी पोटदुखी मी चेहऱ्यावरून ओळखायचे. घरात असं बघायची सवयच नव्हती.

ते गेले त्याच दिवशी संध्याकाळी मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा लोणच्याचा डबा काढत होते. फोन वाजला. मळ्यातली बाई. आवाजात माया.

"बाई, तुमना माणसे सुखे पोचनात बरं. काळजी करू नका. गुडघा कसा शेतस आते? दादा सांगे, तुम्हले उठता बी येस नही."

मी एका हातात डबा घेऊन स्टुलावर उभी. काय बोलणार? माझ्या तोंडून निघालं, "बरा शेतस." परक्या बाईपुढे स्वतःच्या नवऱ्याला खोटं पाडायला जीभ रेटली नाही. ती म्हणाली, आराम करा. मी स्टुलावरून उतरले. दोन्ही पायांनी, नीट.

ह्यांना फोन लावला. वाजला, कापला गेला, मग बंदच. धानोऱ्याला नणंदेला लावला. ती म्हणाली, "भाऊ? दिवाळीपाशीन देखा नही त्याले. का वो वहिनी, काय झायं?" मी म्हटलं, काही नाही, असंच. म्हणजे प्रकाशाचा घाट नाही, तापीत पाय नाहीत, आपलं घर वाटेत लागतं, मी बघेन, म्हणून पहिला टप्पा जीपने उरकला असणार. माझ्या दशम्या माझ्याशिवाय सातपुड्याच्या पायथ्याशी पोचल्या होत्या. मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि मला पहिल्यांदा रागसुद्धा आला नाही, नुसती लाज वाटली. फसवलं त्यांनी आणि लाज मला. हे असं का होतं मला माहीत नाही, पण होतं.

राग सकाळी आला. मळ्यातल्या बाईला मीच फोन केला. ती विचारलं तेवढंच बोलत होती. आदल्या संध्याकाळची माया कुठच्या कुठे गेली होती. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बाई, तुम्ही संगे ऱ्हातात ते बरं व्हतं." मला समजायचं ते समजलं. तिच्या सारवलेल्या खळ्यात त्या सकाळी काय पडलं असेल ते मी न बघता सांगू शकत होते. 'मी शे ना संगे' हे माझे शब्द होते. त्या शब्दांवर माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या दोस्तांनी बैठक मारली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

आता माझा जीव अडकला तो त्या वरच्या घरात. तिला कळवायचं तर तिच्या पाड्यात फोन लागत नाही. घरामागच्या टेकाडावर चढलं तरच कुठे रेंज येते, तीही वाऱ्यावर. मी फोन हातात घेऊन बसून राहायचे. तीन बायकांचं घर, दाराला धड कडी नाही, आणि हे सगळे माझं नाव सांगत तिथे जाणार. मी पाठवल्यासारखे.

तोरणमाळचा मुक्काम आटोपून ते तिथे पोचले त्या संध्याकाळी ह्यांचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे टेकाडावरून.

"आईक, तिले जरा सांग. अंगणमा पाय ठेवू देत नही ती. अंधार पडी ऱ्हायना, थंडी शे. म्हने तिलेच बोलू द्या."

मी म्हटलं, "गुडघा कोना गयात?"

मग ते म्हणाले, "ते घर येसू तव्हय बोलूत. आते तू सांग तिले, इतलंच."

तीही त्यांच्यामागे टेकाडावर आली असणार, फोन तिच्या हातात गेला. ती मोठ्याने बोलत होती, लांब उभ्या माणसाशी बोलावं तसं. "हा तुन्हा माणूस शे ना?"

"शे."

"तू का नही वनी? हा सांगस, तुन्हा पाय गयात."

मला एक वाक्य बोलायचं होतं. राहू दे त्यांना, माझेच आहेत. ह्यांना खात्री होती की मी तेच बोलणार. लग्नापासून मी तेच बोलत आले आहे, दुकानात, बँकेत, नातेवाइकांत, जिथे जिथे ह्यांचं अडलं तिथे. बाहेर थंडी होती, ह्यांना दम्याचा त्रास आहे, हेही माझ्या मनात आलं. आणि त्याच वेळी मला ती खाट दिसली.

मी म्हटलं, "माणूस मन्हा शे. पण मी त्यासना संगे नही. तुले मी जो शब्द देल व्हता तो आते ऱ्हायना नही. तू तुन्हा मनले येई तसं कर."

"बरं," ती म्हणाली. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी हे परत आले. नर्मदा नाही, काही नाही. अंधारात वाटेपलीकडच्या तुरीच्या रानात तंबू ठोकला होता, धसकटांनी तो खालून चाळणी झाला होता. दवाने अंथरूण भिजलेलं, हे खोकत होते. मी काढा करून दिला. तो पिऊन झाल्यावर म्हणाले, "चार माणसांमा मन्ही इज्जत काढी तू."

"आन मन्ही?" मी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. बाई सोबत असली की मोकळेपणा राहत नाही, असं एकाने काढलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुक्काम तर आता ठरलेच आहेत, असंही कोणीतरी म्हटलं. गुडघे कोणाला सुचले ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, "सगळासनं म्हननं व्हतं ते समजनं. तुमनं काय म्हननं व्हतं?" हे झोपाळ्याची कडी हातात धरून बसले. बाकीच्या चौघांना मी दोन शिव्या घातल्या आणि सोडून दिलं, ते माझे कोण? पण गच्चीवरच्या तंबूत माझ्या शेजारी कोणी दुसरा झोपला नव्हता.

संक्रांत झाली. एका सकाळी मी पिशवी पाठीला लावली. हे म्हणाले, "मी येस संगे." मी म्हटलं, "नको, तुमना गुडघा दुखतीन." शहाद्याहून एसटी धरली, तोरणमाळला उतरले आणि मागच्या वाटेने चालायला लागले. एकटी. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. बिबट्याची नाही, वाट चुकायची. दोनदा चुकलेही, एका गुराख्याने हाका मारून वळवलं. वारा गार होता, पाय चांगले चालत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाऱ्याने की कशाने ते मी ठरवलं नाही.

ऊन उतरताना त्या टेकाडावर पोचले. बाई अंगणात होती. तिने मला ओळखलं, पण आधी तोंडाकडे नाही, माझ्या पायांकडे बघितलं.

"चालत वनी? ह्या पायवर?"

हात धरून तिने मला पडवीत आणलं. खाट दाराशेजारी भिंतीला उभी करून ठेवलेली होती. ती सांगायला लागली. त्या संध्याकाळी तिने त्यांना भाकरी आणि मिरचीची चटणी दिली होती, अंगणाबाहेर. भुकेल्याला काय पाठवायचं, म्हणाली. भाकर घेताना तुझा माणूस न विचारता पडवीत आला आणि खाटेवर बसायला वाकला. "मी खाट उभी करी दिधी," ती म्हणाली. "तुन्ही व्हती ती." तेव्हापासून ती तशीच उभी होती. तिने ती आडवी टाकली आणि मला तिच्यावर बसवलं.

मग ती आत गेली. सुनेला पावरीत काहीतरी म्हणाली, चुलीपाशी भांडं वाजलं. बाहेर आली तेव्हा हातात वाटी होती, तेल गरम केलेलं. मोहाच्या बियांचं, सांध्यांना चांगलं असतं. तुझे पाय गेले असं ऐकलं त्या दिवशीच काढून ठेवलं होतं, म्हणाली, तू येशील तेव्हाला. ती खाली बसली आणि हात पुढे केला. "दे पाय."

मी सांगणार होते. माझ्या गुडघ्यांना कधी काही झालंच नव्हतं, ते सगळं खोटं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. घरात इतके दिवस फुटलं नव्हतं तेवढं.

ती वाटी धरून थांबली. "इतलं दुखस का वो?"

"हाव," मी म्हटलं, आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली.